संगणकांत मराठी कशी बसवावी?

संगणक विकत घेऊन मेजावर मांडला म्हणजे त्यांत मराठी आपोआप येते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तसें नाहीं. यंत्रास स्वतःची भाषा नसते. आपण त्यांत जी व्यवस्था बसवूं तीच त्याची भाषा होते. ती नीट बसविली, तर आज लिहिलेला मजकूर वीस वर्षांनीं, दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या यंत्रावरहि वाचतां येतो. कशी तरी बसविली, तर तोच मजकूर पुढील वर्षीं आपल्याच कपाटांत मुका होऊन पडतो. पडद्यावर मराठी अक्षरें दिसणें ही एक गोष्ट, आणि यंत्राच्या पोटांत तीं मराठी म्हणूनच राहणें ही दुसरी. या दोहोंतील अंतर विद्यार्थ्यांस समजावून द्यावें, आणि मराठी बसविण्याच्या पायऱ्या क्रमानें सांगाव्या, या हेतूनें आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहों.

हा प्रश्न केवळ शहरांतील कचेऱ्यांचा आहे असें कोणी समजूं नये. नसरापूर हें भोर तालुक्यांतील, पुणें-सातारा रस्त्यानजीकचें गांव. वेल्ह्याकडील वाड्यांस जाणारा रस्ता येथूनच जातो. या वाड्यांतील शेतकऱ्याचा सातबारा आतां संगणकावर निघतो. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे व रहिवासाचे दाखले, परीक्षेचीं आवेदनपत्रें, हीं सर्व यंत्राच्याच द्वारें भरावयाचीं असतात. त्यांत जेथें नांव मराठींत लिहावयाचें, तेथें तें यंत्रास ओळखतां येईल असेंच लिहिलें पाहिजे. एका दाखल्यावर 'कऱ्हाडकर' आणि दुसऱ्यावर 'कर्हाडकर' असें पडलें, तर माणूस तें एकच नांव समजेल. यंत्रास मात्र तीं दोन निराळीं माणसें वाटतील, आणि त्याचा त्रास त्या मुलाच्या बापास कचेरीच्या पायऱ्या झिजवून सोसावा लागेल.

१. तीन निराळ्या गोष्टी

मराठी बसविणें म्हणजे तीन गोष्टी बसविणें होय: संकेत, टंक आणि कळफलक. या तिहींची गल्लत करणें हेंच बहुतेक घोटाळ्यांचें मूळ आहे.

पहिली गोष्ट संकेत. यंत्र अक्षर जाणत नाहीं. तें फक्त आंकडा जाणतें. म्हणून प्रत्येक अक्षरास एक ठराविक आंकडा द्यावा लागतो. जगांतील सर्व लिप्यांकरितां असे आंकडे ठरविणारी जी सर्वमान्य पद्धति, तिचें नांव युनिकोड. तिची पहिली आवृत्ति सन १९९१ मध्यें निघाली. तींत देवनागरीकरितां २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा राखून ठेविल्या आहेत. 'क' चा आंकडा २३२५ आहे. 'मराठी' हा शब्द यंत्र २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा पांच आंकड्यांनीं लक्षांत ठेवतें: म, र, काना, ठ, आणि दीर्घ वेलांटी.

दुसरी गोष्ट टंक, म्हणजे ज्यास सर्वजण फॉन्ट म्हणतात तो. आंकड्याला दिलेलें दृश्य रूप म्हणजे टंक. एकच शब्द फळ्यावर दहा मुलांनीं लिहिला तर वळणें दहा दिसतील, परंतु शब्द एकच राहील. तसेंच येथें समजावें. विंडोजमध्यें पुष्कळ वर्षें आढळणारा 'मंगल' हा टंक आपल्याच महाराष्ट्रांतील प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं रेखिला. 'मुक्त', 'नोटो सॅन्स देवनागरी', 'लोहित' हे विनामूल्य मिळणारे दुसरे कांहीं टंक होत.

तिसरी गोष्ट कळफलक. कोणती कळ दाबली असतां कोणता आंकडा उमटावा, ही योजना म्हणजे कळफलकाची रचना. एकाच मजकुराकरितां दोघे जण दोन निरनिराळ्या रचना वापरूं शकतात. मजकूर त्यामुळें बदलत नाहीं.

या तिहींपैकीं संकेत हा पाया आहे. टंक आवडीप्रमाणें बदलावा, कळफलक संवयीप्रमाणें निवडावा. संकेत मात्र सर्वांचा एकच असला पाहिजे.

२. घोटाळा कसा झाला?

आमच्या पूर्वींच्या पिढ्यांनीं मराठी शिशाच्या खिळ्यांनीं छापली. श्रीरामपूरच्या मिशनमधील विल्यम केरी यांनीं सन १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना चालला. सन १८६९ मध्यें जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना निघाला. प्रत्येक छापखान्याचे खिळे व ते ठेवण्याची रीत निराळी असली तरी वाचकास त्याची बाधा नव्हती. कारण वाचकाच्या हातीं खिळे जात नसत, छापलेला कागद जात असे. पुढें टंकलेखन-यंत्रें आलीं, त्यांचीहि गोष्ट हीच. कळा थोड्या, म्हणून अर्धीं अक्षरें, काना, वेलांट्या निराळ्या ठेवून त्यांच्या जुळणीनें कागदावर अक्षर उभें करीत.

संगणक आल्यावर पुष्कळांनीं हीच युक्ति तेथेंहि चालविली. इंग्रजी अक्षराचा आंकडा तसाच ठेवावयाचा, आणि त्यावर मराठी रूपाचा टंक चढवावयाचा. पडद्यावर मराठी दिसे, छापून मराठी निघे. परंतु यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरांची रास असे. शिवाय प्रत्येक टंक बनविणाराची वांटणी निराळी. टंक गेला कीं मराठीहि गेली!

याला उपाय शोधणारे लोक आपल्याच देशांत होते. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें भारतीय लिप्यांचें 'जिस्ट' नांवाचें तंत्र तयार झालें. सन १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तेथें तें वाढीस लागलें. आरंभीं त्याकरितां संगणकांत एक निराळें कार्ड बसवावें लागे. सन १९९१ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतपद्धति १३१९४ या क्रमांकानें मान्य केली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी 'इस्की'च्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. इतकें असूनहि विंडोज एक्स-पीच्या (२००१) काळापर्यंत मराठीसाठीं मूळ तबकडी घालून एक जादा भाग मुद्दाम बसवावा लागे. तो खटाटोप टाळून टंकाची सोपी युक्ति वापरणारे फार. म्हणून जुनी चाल बराच काळ टिकून राहिली.

यापासून हानि काय झाली तें एका उदाहरणानें सांगतों. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांनीं सुमारें वीस वर्षांपूर्वीं या खोऱ्यांतील बायकांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या गोळा केल्या व एका छापखान्यांत टंकून घेतल्या. छापील प्रती थोड्याच निघाल्या. तबकडी मात्र त्यांनीं जपून ठेविली. गेल्या कांहीं वर्षांत ती नव्या यंत्रावर उघडली, तेव्हां पडद्यावर इंग्रजी अक्षरें, चिन्हें व कंस यांखेरीज कांहीं दिसेना. तबकडी शाबूत होती, एकहि आंकडा हरवला नव्हता. परंतु ज्या टंकानें ते आंकडे मराठी दिसत, त्याचें नांवहि कोणास आठवेना. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक आज्या आतां हयात नाहींत. त्यांस पुन्हां विचारावयाचें कोठें?

याच्या उलट बाजूहि पाहावी. गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांत हिंडून एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या. सन २०१७ पासून त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. तेथें त्या सर्वमान्य संकेतांत असल्यामुळें एखाद्या वाडींतील मुलगी आपल्या मोबाइलवर त्या वाचूं शकते. दोन्ही ठिकाणीं श्रम सारखेच प्रेमाचे. एका ठिकाणीं ते वाचकापर्यंत पोंचले, दुसऱ्या ठिकाणीं तबकडींतच राहिले.

३. बसविण्यापूर्वींची तयारी

कोणतीहि नवी व्यवस्था यंत्रांत बसवितांना, ती मराठीची असो वा दुसरी, पुढील नियम पाळावे.

(१) यंत्राची ओळख करून घ्यावी. विंडोजमध्यें सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट या क्रमानें गेलें असतां विंडोजची आवृत्ति, स्मृतीचें माप, आणि यंत्र ३२ बिटांचें कीं ६४ बिटांचें, हें सर्व दिसतें. तें वहींत उतरून घ्यावें. विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य देखभाल कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. म्हणून तें जुनें यंत्र विंडोज ११ पेलणारें नसेल, तर त्यावर उबुंटूसारखी लिनक्सची व्यवस्था बसवावी कीं काय, याचा विचार करावा.

(२) आधीं प्रत, मग बदल. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत यंत्राबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या यंत्रावर, काढून ठेवावी. आणि ती प्रत उघडते कीं नाहीं हेंहि पाहावें. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रतच नव्हे.

(३) उगम पाहावा. जी वस्तु बसवावयाची ती तिच्या कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. शोध केला असतां सर्वांत वर येणारा दुवा कित्येकदां जाहिरातीचा असतो. पत्त्यांतील एकएक अक्षर वाचल्यावांचून त्यावर जाऊं नये. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आलेली 'फुकट' प्रत बहुधा चोरीची असते, आणि चोरीच्या मालाबरोबर चोरहि घरांत येण्याचा संभव असतो. पैसे नसल्यास लिब्रेऑफिससारखीं मोफत व राजरोस साधनें आहेत. तीं वापरण्यांत कमीपणा नाहीं.

(४) वेळ निवडावी. पावसाळ्यांत आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. यंत्र स्वतःची व्यवस्था बदलीत असतां मध्येंच बंद पडलें तर पुन्हां सुरू न होण्याचें भय असतें. यास्तव बॅटरी पूर्ण भरून, किंवा यू. पी. एस. असल्यास तें चालू ठेवून, मगच कामास लागावें. शाळेंत दहा यंत्रें असतील तर दहादां उतरवून घेऊं नये. एकदां उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावें व तेथून सर्वांवर बसवावें.

(५) प्रत्येक खिडकी वाचावी. 'नेक्स्ट, नेक्स्ट' असें न वाचतां दाबीत जाणें म्हणजे न वाचतां कागदावर सही करणें होय. पुष्कळदां मूळ वस्तूबरोबर नको असलेल्या दुसऱ्या वस्तु बसविण्याची खूण आधींच केलेली असते. ती काढून टाकावी.

(६) एका वेळीं एकच बदल करावा व तो नोंदावा. दिनांक, काय बसविलें, कोणती आवृत्ति, कोठून घेतली, कोणीं बसविली, एवढें वहींत लिहावें. दोन बदल एकदम केले व यंत्र बिघडलें, तर दोष कोणाचा हें कळत नाहीं.

(७) व्यवस्थापकाचें खातें व रोजच्या वापराचें खातें निराळें ठेवावें. विद्यार्थ्यांनीं रोजच्या खात्यांतच काम करावें, म्हणजे चुकून एखादी भलती वस्तु बसूं लागली तरी यंत्र व्यवस्थापकाचा पासवर्ड मागून थांबेल.

४. बसविण्याच्या पायऱ्या

विंडोज ११ वर: सेटिंग्ज उघडून टाइम अँड लँग्वेज, त्यांत लँग्वेज अँड रीजन येथें जावें. ॲड अ लँग्वेज दाबून मराठी शोधावी व निवडावी. पुढील खिडकींत सर्व यंत्राचीच भाषा मराठी करावयाची कीं काय, असा एक चौकोन असतो. केवळ लिहिण्यापुरती मराठी हवी असल्यास त्यांत खूण ठेवूं नये. मराठी यादींत आली म्हणजे तिच्या समोरील तीन टिंबांवरून लँग्वेज ऑप्शन्स उघडून कळफलक पाहावे. 'मराठी' म्हणून जो आहे तो इन्स्क्रिप्ट रचनेचा; 'मराठी फोनेटिक' हा उच्चारानुसारी, तो विंडोजमध्यें सन २०१९ पासून मिळूं लागला. विंडोजची कळ व स्पेसची कळ एकदम दाबली असतां इंग्रजींतून मराठींत व पुन्हां इंग्रजींत जातां येतें. 'मंगल', 'कोकिळा' इत्यादि जादा टंक भाषा घेतांना बहुधा बरोबरच येतात. न आल्यास ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा टंक मागून घ्यावे.

उबुंटूवर: सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस येथें अधिकाचें चिन्ह दाबून मराठी निवडावी. येथेंहि तीच कळांची जोडी भाषा बदलते.

लिब्रेऑफिसमध्यें: टूल्समधील ऑप्शन्स उघडून भाषांच्या भागांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नांवापुढें मराठी नेमावी. हें न केल्यास अक्षरें दिसतील, परंतु टंक व शुद्धलेखन-तपासणी यांचा गोंधळ होईल.

अँड्रॉइड मोबाइलवर: जीबोर्ड हा कळफलक असल्यास त्याच्या सेटिंग्जमध्यें लँग्वेजेस, ॲड कीबोर्ड, मराठी असें जावें. तेथें मराठी अक्षरांचा कळफलक, इंग्रजी अक्षरांनीं उच्चार लिहून मराठी उमटविण्याचा कळफलक, किंवा बोटानें लिहिण्याचा फलक, यांपैकीं सोयीचा तो घ्यावा.

५. कोणता कळफलक शिकावा?

उच्चारानुसारी कळफलक पहिल्या दिवसापासून हातीं लागतो. परंतु त्यांत यंत्र शब्द सुचवितें, आणि मुलें जो पहिला येईल तो घेतात. 'न' कीं 'ण', 'ल' कीं 'ळ', ह्रस्व कीं दीर्घ, हा निर्णय मुलाचा न राहतां यंत्राचा होतो. ज्यास पुढें पुष्कळ मराठी लिहावयाचें आहे, त्यानें इन्स्क्रिप्ट शिकावा असें आमचें मत आहे. ही रचना भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें सन १९८६ मध्यें प्रमाण ठरविली. ती वर्णमालेच्या क्रमाला धरून असल्यामुळें ध्यानांत राहण्यास सोपी. स्वर व काना-मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. 'के' कळीवर क, शिफ्टसह ख; 'आय'वर ग, शिफ्टसह घ; 'एल'वर त, शिफ्टसह थ; 'एच'वर प, शिफ्टसह फ. 'एन'वर ल आहे व शिफ्टसह आपला ळ. 'डी' ही कळ पाय मोडण्याची. एक रचना शिकली म्हणजे इतर भारतीय लिप्याहि त्याच जागीं सांपडतात, कारण 'क' ची कळ सर्वांत तीच आहे.

जुन्या टंकलेखनाची संवय असलेल्यांनीं एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. तेथें 'कि' लिहितांना प्रथम वेलांटी व मग क दाबीत, कारण कागदावर वेलांटी आधीं येते. युनिकोडमध्यें आपण जसें उच्चारतों तसेंच लिहावयाचें: प्रथम क, मग ह्रस्व वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसविणें हें यंत्राचें काम. जोडाक्षरांतहि तसेंच. 'द्य' म्हणजे द, पाय मोडणें, य. 'क्ष' म्हणजे क, पाय मोडणें, ष. ज्यास आपल्या भाषेंतील अक्षरांची फोड येते त्यास हा कळफलक आलाच. आणि ज्यास येत नाहीं त्यास हा कळफलकच ती फोड शिकवितो.

मराठीच्या खास अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावें. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. आमच्या तालुक्यांत समुद्र नाहीं, दऱ्या मात्र गणती नाहीं! 'दऱ्या' लिहितांना नुक्ता असलेला 'ऱ' घ्यावयाचा, त्याचा पाय मोडावयाचा, आणि मग य. इन्स्क्रिप्टमध्यें तो 'जे' कळीवर शिफ्टसह आहे. त्याचा आंकडा २३५३. याच रूपाला जाणारी दुसरीहि एक आडवाट आहे, तींत साध्या 'र' नंतर न दिसणारें एक जोडचिन्ह घालतात. डोळ्यांस दोन्ही सारखीं, यंत्रास निराळीं. एका संस्थेनें एकच रीत ठरवावी. ती पहिली असावी.

तसेंच 'ॲ' चें. 'ॲग्नेस', 'ॲलन' अशीं नांवें आमच्या हजेरीपटावर असतात. या अक्षरास स्वतंत्र जागा युनिकोडमध्यें सन २००८ मध्यें मिळाली. त्यापूर्वीं 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवीत. जुन्या यादींत नांव एका रीतीनें व नव्या यादींत दुसऱ्या रीतीनें असेल, तर शोध करतांना विद्यार्थिनी वर्गांत असूनहि यंत्र ती नाहीं म्हणून सांगेल.

६. पांच शब्दांची परीक्षा

मराठी नीट बसली कीं नाहीं हें पाहण्यास पुढील पांच शब्द लिहावे: शिवगंगा, दऱ्याखोऱ्या, क्षेत्रज्ञ, ॲग्नेस, विद्यार्थ्यांस. यांत ह्रस्व वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरें, रफार, सर्व येतात. एकट्या 'विद्यार्थ्यांस' या शब्दांत यंत्र चौदा आंकडे मोजतें. नंतर चार गोष्टी कराव्या.

प्रथम, सर्व शब्द निवडून त्यांवर एखादा केवळ इंग्रजीचा टंक लावावा. शब्द मराठीच राहिले तर संकेत बरोबर. इंग्रजी अक्षरें दिसूं लागलीं तर मराठी टंकांत होती, यंत्रांत नव्हती. दुसरें, कागद सांठवून, बंद करून पुन्हां उघडावा. नोटपॅडमध्यें सांठवितांना एन्कोडिंगच्या जागीं 'यू-टी-एफ ८' असावें; 'अन्सी' असल्यास अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें राहतात, व तीं परत अक्षरें होत नाहींत. मुलांची यादी एक्सेलमधून स्वल्पविरामाच्या सी-एस-व्ही रीतीनें काढावयाची असल्यास तींतहि 'यू-टी-एफ ८' ची आवृत्ति निवडावी. तिसरें, तोच कागद मोबाइलवर पाठवून तेथें वाचावा. चौथें, मोबाइलवर 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द नव्यानें लिहून शोधावा. सांपडला तर परीक्षा उत्तीर्ण.

७. जुना मजकूर कसा सोडवावा?

ज्या घरीं किंवा संस्थेंत जुन्या टंकांतील कागद आहेत, त्यांनीं आतांच हात घालावा; कारण त्या टंकांचीं नांवें ठाऊक असलेलीं माणसें अजून भेटतात. मूळ फाइल कधींहि बदलूं नये. प्रत काढून प्रतीवर काम करावें. टंकाचें नांव फाइलींतच टंकांच्या चौकटींत दिसतें. तें नोंदून घ्यावें. त्या टंकासाठीं असलेलें रूपांतराचें साधन लावावें, आणि नंतर छापील प्रतीशीं ओळ न ओळ ताडून पाहावें. ह्रस्व वेलांटी, रफार, 'ऱ्य' आणि जोडाक्षरें येथें चुका हमखास राहतात. पी-डी-एफ करून ठेविली म्हणजे झालें, असें समजूं नये. जुन्या टंकाची पी-डी-एफ दिसावयास मराठी, पण तींतील ओळ उचलून दुसरीकडे ठेविली कीं पुन्हां तीच इंग्रजी रास. शेवटीं शुद्ध झालेला मजकूर साध्या मजकुराच्या फाइलींतहि एक प्रत म्हणून ठेवावा. सुशोभित फाइली कालांतरानें उघडेनाशा होतात. साधा मजकूर सर्वांत दीर्घायुषी.

८. मोबाइलविषयीं एक इशारा

कळफलक ही वस्तु लहान दिसते, परंतु आपण लिहितों तें प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धां, तिच्याच हातून जातें. म्हणून अनोळखी माणसाचा 'सुंदर मराठी कीबोर्ड' बसवूं नये. प्ले स्टोअरवरूनच घ्यावा, कर्त्याचें नांव पाहावें, आणि लिहिण्याच्या साधनास आपले संदेश किंवा नांवांची यादी कशाला हवी, असा प्रश्न परवानगी देण्यापूर्वीं स्वतःस विचारावा.

हल्लीं व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, बँकेची सूचना किंवा 'पी. एम. किसान' योजनेचा लाभ, अशा नांवांनीं 'ए-पी-के' शेपटाच्या फाइली येतात. पत्रिका ही चित्र किंवा कागद असते. ती यंत्रांत बसवावी लागत नाहीं. बसविण्यास सांगणारी पत्रिका ही पत्रिका नव्हे. अशा फाइलीनें संदेश वाचण्याची परवानगी मिळविली कीं बँकेचा ओ-टी-पी दुसऱ्याच्या हातीं जातो, व वर्षाच्या पिकाचा पैसा घटकेंत नाहींसा होतो. असें घडल्यास लाजून गप्प बसूं नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व बँकेस सांगावें. घरांतील वडील माणसांस ही गोष्ट समजावून देणें हें शाळेंत शिकणाऱ्या मुलांचें काम आहे.

अभ्यास

लेख वाचून ठेवून द्यावा असा हा विषय नाहीं; म्हणून विद्यार्थ्यांस सुटीपुरता थोडा अभ्यास देतों.

(१) आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका यंत्रावर पांच शब्दांची परीक्षा घ्यावी व निकाल वहींत लिहावा.
(२) आपलें संपूर्ण नांव मराठींत लिहून त्याची अक्षरशः फोड करावी, व तें किती आंकड्यांनीं बनतें तें मोजावें.
(३) शाळेचा दाखला व घरांतील इतर कागद यांवरील आपलें मराठी नांव ताडून पाहावें. भेद आढळल्यास वर्गशिक्षकांस सांगावें.
(४) आजीकडून किंवा शेजारच्या वृद्ध बाईकडून एक ओवी, एक म्हण, किंवा वाडीच्या नांवाची गोष्ट ऐकून ती युनिकोडमध्यें लिहून आणावी. सांगणारीचें नांव, गांव व दिनांक तिच्याच संमतीनें खालीं लिहावा.

या चौथ्या अभ्यासास आम्ही सर्वांत अधिक गुण देऊं. कारण यंत्रें बदलतील, विंडोजचा आंकडाहि बदलेल, आज सांगितलेल्या कांहीं पायऱ्या दहा वर्षांनीं निरुपयोगी होतील. परंतु त्या बाईचा शब्द योग्य संकेतांत लिहिला असेल, तर जें कोणतें यंत्र तेव्हां असेल त्यावर तो वाचतां येईल.